स्निग्ध पदार्थ : जीवाची शिदोरी आणि जीवाची भिंत



माझे एक मित्र गावातल्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांच्या वडिलांना हृदयाचा त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी तूप, लोणी आणि तळलेले पदार्थ कमी करायला सांगितले. सल्ला योग्यच होता. परंतु घरच्या मंडळींनी असा विचार केला, की जे आजोबांना वाईट ते सर्वांनाच वाईट. मग तुपाची बरणी फडताळातून गेली, दुधावरची साय काढून टाकली जाऊ लागली आणि तेल फोडणीपुरते उरले. त्या घरात दीड वर्षाचा एक नातूही होता. नुकताच वरणभात खाऊ लागलेला. चार-पाच महिन्यांनी दवाखान्यात त्याचे वजन केले, तर काटा जवळजवळ होता तिथेच! डॉक्टरबाईंनी आईला विचारले, "बाळाच्या भातावर तूप घालता ना?" आई म्हणाली, "नाही बाई, घरात पथ्य आहे."

त्या संध्याकाळी माझे मित्र माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तूप चांगले की वाईट, ते एका वाक्यात सांगा." मला एका वाक्यात सांगता आले नाही. मी काही डॉक्टर नाही, मास्तर आहे. आणि मास्तरला मुळापासून सांगायची सवय असते. तेव्हा जे मी त्यांना सांगितले, तेच आज आपल्याला सांगणार आहे.

तेल, तूप, चरबी, मेण, ही सारी एकाच मोठ्या कुळातली मंडळी. त्यांना आपण स्निग्ध पदार्थ म्हणतो. शास्त्रात या कुळाला लिपिड असे नाव आहे. या कुळाची ओळख कशी पटवायची? अगदी सोपी खूण आहे. त्यांचे पाण्याशी जमत नाही. वाटीभर पाण्यात चमचाभर तेल घाला आणि हवे तितके ढवळा. ढवळायचे थांबला, की तेल आपले पुन्हा वर.

असे का होते? पाण्याचे कण, म्हणजे रेणू, एकमेकांचे हात घट्ट धरून असतात. प्रत्येक रेणूच्या एका टोकाला किंचित धन विद्युत्‌भार असतो आणि दुसऱ्या टोकाला किंचित ऋण, म्हणून ते परस्परांना ओढून धरतात. मीठ किंवा साखर पाण्यात पडली, तर तिलाही धरायला हात असतात. म्हणून ती या फेरात मिसळून जाते. तेलाच्या रेणूंना असे हातच नाहीत म्हटले तरी चालेल. मग पाण्याचे रेणू आपापसांत जवळ येतात आणि तेलाला बाजूला सारतात. बाजूला सारलेले तेलाचे रेणू आपोआप एकत्र होतात. बस्स, एवढीच गोष्ट. परंतु एवढ्याशा गोष्टीवर सजीवांनी केवढा संसार उभा केला आहे, ते आता पाहू.

प्रथम तेलाच्या रेणूची घडण. आकाशवाणीवर फळ्यावर चित्र काढून दाखवायची सोय नाही. म्हणून आपण शेतातलेच एक औत डोळ्यांसमोर आणू. आज ट्रॅक्टरची पेरणी आली, तरी बैलांची तिफण आपण पाहिलेली असते. आडवे एक लाकडी दिंड आणि त्याला खाली तीन फण. तेलाचा किंवा तुपाचा रेणू नेमका असाच असतो. आडव्या दिंडाच्या जागी असते ग्लिसरॉल, आपण ज्याला ग्लिसरीन म्हणतो तेच. आणि तीन फणांच्या जागी असतात मेदाम्लांच्या तीन लांब माळा. एकेका माळेत बहुधा कार्बनचे १६ किंवा १८ अणू एकापुढे एक ओवलेले असतात. शव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने साबण आणि चरबी यांवर वर्षानुवर्षे काम केले आणि चरबी ही मेदाम्ले व ग्लिसरीन यांची बनलेली आहे हे १८२३ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले.

आता कुणी विचारील, तूप थिजते आणि शेंगदाण्याचे तेल थिजत नाही, ते का? तर फरक आहे फणांच्या आकारात. ज्वारीचा कडबा सरळ असतो, म्हणून त्याची पेंढी घट्ट बांधता येते. बाभळीचे वाकडेतिकडे फाटे कितीही आवळले तरी मध्ये पोकळ्या राहतातच. तुपातली बरीचशी मेदाम्ले कडब्यासारखी सरळ असतात. ती एकमेकांना चिकटून बसतात आणि तूप थिजते. यांना संपृक्त मेदाम्ले म्हणतात. शेंगदाणा, करडई, तीळ यांच्या तेलांतील पुष्कळ माळांना मध्ये एक किंवा दोन ठिकाणी बाक असतो. त्या घट्ट बसू शकत नाहीत, म्हणून तेल पातळच राहते. ही असंपृक्त मेदाम्ले. जवसाच्या तेलात तर तीन-तीन बाकांच्या माळा निम्म्याच्या आसपास असतात. जेथे बाक असतो तेथे हवेतला प्राणवायू चटकन शिरतो. म्हणून जवसाचे तेल लवकर खवट होते, आणि म्हणूनच ते लाकडाला लावले तर हवेवर सुकून त्याचा कडक पापुद्रा बनतो. एकाच गुणाची ही दोन फळे.

ही झाली घडण. आता कामे पाहू. पहिले काम साठवणीचे.

भुईमुगाचा दाणा पाहा. त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. ते तेल काही आपल्या कढईसाठी भरलेले नाही! ती त्या कोंबाची शिदोरी आहे. जमिनीत अंधार असतो, पान फुटलेले नसते, सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करता येत नाही. त्या चार दिवसांत कोंब ही शिदोरी सोडून खातो. शिदोरीला तेलच का निवडले? कारण थोड्या वजनात ते जास्त शक्ती देते. एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर शरीरात वापरली गेली तर सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. एक ग्रॅम तेलापासून मिळते सुमारे ९. शिवाय पिष्टमय पदार्थ शरीरात साठवले, की आपल्याबरोबर पाणीही धरून ठेवतात. तेल मात्र पाण्याला जवळ करीत नाही, म्हणून ते कोरडे साठते. एखाद्या माणसाच्या अंगावर १० किलो मेद असेल, तर तेवढीच शक्ती पिष्टरूपात साठवायला साडेबावीस किलो लागतील, आणि वर भिजण्याचे वजन वेगळेच. चालत्या-उडत्या प्राण्याला हे ओझे कसे परवडणार? हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या उजनीच्या पाण्यावर पट्टकदंब हंस येतात. ती एवढी भरारी ते अंगात साठवलेल्या मेदाच्या बळावर मारतात. उंटाच्या मदारीत पाणी असते असे पुष्कळांना वाटते. तिथे पाणी नसते, चरबी असते.

दुसरे काम राखणीचे. अळूच्या पानावर पडलेला पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो. अळवावरचे पाणी हा आपल्या भाषेत क्षणभंगुरतेचा दाखला झाला आहे. परंतु पानाच्या बाजूने पाहिले तर त्यात क्षणभंगुर काही नाही. ती पक्की व्यवस्था आहे. पानावर मेणाचे अतिशय बारीक उंचवटे असतात, त्यामुळे पाणी टेकूच शकत नाही, आणि जाताना धूळही घेऊन जाते. जवळजवळ सर्वच झाडांच्या पानांवर असा मेणाचा थोडाफार थर असतो. तो नसता तर वैशाखाच्या उन्हात पानातला ओलावा केव्हाच उडून गेला असता. बदक पाण्यातून कोरडे बाहेर येते तेही आपल्या पिसांना चोचीने तेल चोपडते म्हणून.

आता तिसरे काम. हे डोळ्यांना दिसत नाही, पण माझ्या मते तेच सर्वांत थोर.

बेंजामिन फ्रँकलिन हे नाव आपण विजेच्या संदर्भात ऐकले असेल. १७५७ साली जहाजातून जाताना त्यांच्या लक्षात आले, की ताफ्यातल्या दोन जहाजांमागचे पाणी विशेष शांत दिसते. स्वयंपाक्यांनी तेलकट पाणी समुद्रात ओतले असावे, असे त्यांना सांगण्यात आले. पुढे लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील एका तळ्यावर त्यांनी चमचाभर तेल टाकून पाहिले. ते पसरत पसरत सुमारे अर्ध्या एकरावर गेले, आणि तेवढ्या भागातल्या लाटा निवल्या. हा वृत्तांत १७७४ साली प्रसिद्ध झाला. आता शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात घालावे. अर्धा एकर म्हणजे २० गुंठे, सुमारे २,००० चौरस मीटर. चमचाभर तेल दोन ते चार घनसेंटिमीटर धरा. मग त्या थराची जाडी किती? उत्तर येते मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, किंवा त्याच्या दुप्पट. म्हणजे थर केवळ एका रेणूइतका जाड! फ्रँकलिन यांनी हा भागाकार मांडला नाही. नाहीतर रेणूची लांबी त्यांना त्याच वेळी सापडली असती.

या विषयाला पुढे नेमके मोजमाप दिले ते एका स्वयंपाकघरातून. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी आग्नेस पोकेल्स नावाची मुलगी होती. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठाचे दार बंद होते. घरकाम आणि आईवडिलांची शुश्रूषा करताना भांडी धुण्याच्या पाण्यावरचा तेलकट थर तिने पाहिला, पत्र्याचे एक पसरट भांडे तयार केले आणि त्यात वर्षानुवर्षे मापे घेतली. अखेर तिने लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञांना पत्र लिहिले. त्यांनी ते १८९१ साली 'नेचर' या नियतकालिकात छापवून आणले. पुढच्या शास्त्रज्ञांनी याच धर्तीची भांडी वापरली. आपल्या शाळेत प्रयोगशाळा नाही, अशी तक्रार करण्यापूर्वी या बाईंची आठवण ठेवावी.

असेच भांडे घेऊन नेदरलंड्‌समधील गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ साली एक प्रयोग केला. त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या. सस्तन प्राण्यांच्या या पेशींच्या आत दुसरे पडदे नसतात. त्यामुळे त्यांतून जे स्निग्ध द्रव्य निघेल ते बाहेरच्या वेष्टनाचेच. ते त्यांनी पाण्यावर एकेरी थरात पसरले आणि क्षेत्र मोजले. ते भरले पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट! याचा अर्थ वेष्टन दुहेरी आहे. त्यांच्या मापांत दोन चुका होत्या आणि त्या एकमेकींना खोडून गेल्या, हे पुढे कळले. परंतु निष्कर्ष मात्र खरा ठरला.

हे दुहेरी वेष्टन कसे उभे राहते? पुन्हा तिफणीकडे येऊ. तीन फणांपैकी एक काढा आणि त्या जागी फॉस्फरस असलेला, पाण्याची आवड असलेला एक गट बसवा. झाले फॉस्फोलिपिड. आता या रेणूचे डोके पाण्याशी स्नेह धरते आणि दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले तर ते काय करतील? दोन रांगा करतील. शेपट्या आत, समोरासमोर; डोकी बाहेर, दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे. गवंडी नको, चुना नको, भिंत आपली आपण उभी! हीच प्रत्येक पेशीची भिंत, म्हणजे पेशीपटल. अशी सुमारे दोन लाख पटले एकावर एक रचली तर जाडी भरेल एक मिलिमीटर. या भिंतीत प्रथिनांची दारे आहेत. कुणाला आत घ्यायचे, कुणाला बाहेर काढायचे, ते तिथे ठरते. १९७२ साली सिंगर आणि निकल्सन यांनी दाखवून दिले, की ही भिंत विटांसारखी घट्ट नसून प्रवाही आहे, आणि दारे तिच्यात तरंगत असतात. म्हणून तिला तुपासारखे थिजून चालत नाही. थंड पाण्यातले मासे आपल्या पटलांत बाक असलेली मेदाम्ले वाढवतात ती यासाठीच.

हे पटल आपल्या घरातही पाहायला मिळते. दुधात स्निग्धांश असतो, तरी तो तेलासारखा वर का तरंगत नाही? कारण त्याच्या प्रत्येक बारीक गोळीभोवती असेच वेष्टन असते. आजी रवीने विरजण घुसळते तेव्हा ती वेष्टने फोडत असते. ती फुटली, की आतला मेद एकमेकाला मिळतो आणि लोण्याचा गोळा वर येतो.

आता कोलेस्टेरॉल. हे नाव ऐकले की माणसे दचकतात. तेही याच कुळातले, जरी त्याची घडण तिफणीसारखी नसून चार कड्यांची आहे. आपल्या पेशीपटलांना ते बेताचा घट्टपणा देते. त्यापासून शरीर पित्ताम्ले बनवते. हे पित्त आतड्यात साबणासारखे काम करून खाल्लेल्या तेलाचे बारीक थेंब करते, म्हणून ते पचते. स्त्रीत्वाची आणि पुरुषत्वाची संप्रेरके त्यापासूनच होतात. त्याच्या जवळच्याच एका द्रव्यापासून, कातडीवर ऊन पडले की, 'ड' जीवनसत्त्व तयार होते. असे हे उपयोगी द्रव्य. मग त्रास कुठे होतो? रक्त हे पाणी, आणि कोलेस्टेरॉलचे पाण्याशी जमत नाही! म्हणून यकृत त्याची बारीक पुडकी बांधून रक्तात सोडते. यांतल्या एका जातीची पुडकी फार झाली, की ती रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचू लागतात आणि वाट अरुंद होते. सरळ माळांची मेदाम्ले फार खाल्ली, तर ही पुडकी वाढतात. म्हणजे आजोबांना दिलेला सल्ला बरोबरच होता.

याहून वाईट एक प्रकार माणसाने तयार केला. तेलात हायड्रोजन घालून ते थिजवायचे, म्हणजे तुपासारखे दिसते आणि टिकते. या क्रियेत काही माळांचा बाक नाहीसा न होता नुसताच उलटा वळतो आणि माळ सरळ होते. त्यांना ट्रान्स मेदाम्ले म्हणतात. ती वाईट पुडकी वाढवतात आणि चांगली घटवतात. म्हणून आपल्या देशात तेले व वनस्पती तूप यांतील त्यांचे प्रमाण जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. तेच ते तेल पुन्हा पुन्हा कढवून वापरू नये, हेही लक्षात ठेवावे.

आता त्या दीड वर्षाच्या नातवाकडे येऊ. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या पतिपत्नींनी उंदरांना मेद अजिबात नसलेले अन्न दिले. बाकी सर्व भरपूर होते. तरी उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांसारखी झाली. वनस्पतितेलातले एक मेदाम्ल थोडेसे देताच ते सुधारले. म्हणजे काही मेदाम्ले शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. आपल्याकडे ती करडई, तीळ, जवस, कोकणात तारली-बांगडा यांतून मिळतात. आईच्या दुधातली सुमारे निम्मी ऊर्जा स्निग्धांशाची असते. निसर्गाने हे उगीच केलेले नाही. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो, आणि मेंदूतले पाणी वगळले तर उरलेल्यात निम्म्याहून अधिक भाग या स्निग्ध पदार्थांचाच असतो. शिवाय बाळाचे पोट लहान. ते वाटीभर भातानेच भरते. त्यात चमचाभर तेल किंवा तूप घातले, तर पोट न वाढवता सुमारे ४० किलोकॅलरी वाढतात. गाजर, शेवग्याचा पाला यांतले 'अ' जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य स्निग्धात विरघळते. भाजीला तेल लावले नाही तर ते अंगी लागत नाही. रातांधळेपणा टाळायचा तर नुसता पाला पुरत नाही, त्याला फोडणीही हवी.

माझ्या मित्राने हे सर्व ऐकून घेतले आणि म्हटले, "म्हणजे तूप चांगलेही आणि वाईटही?" मी म्हटले, "तूप तेच आहे. प्रश्न वाटीचा आहे. आजोबांच्या शरीरात भिंती बांधून झाल्या आहेत. तिथे जास्त झालेले द्रव्य वाट अडवते. नातवाच्या शरीरात रोज नव्या भिंती उठत आहेत, तिथे तेच द्रव्य बांधकामाचे आहे. घर एक असले तरी पथ्य एक नसते."

आजोबांचे पथ्य चालूच राहिले. त्यांच्याबाबतीत डॉक्टरांचा शब्द शेवटचा. परंतु दुसऱ्या दिवशी फडताळात एक लहानशी बरणी परत आली. ती नातवाची.

शिक्षकांसाठी जाता जाता एक प्रयोग. परातीत स्वच्छ पाणी घ्या. साबणाचा अंशही नको. वर अंगाला लावायच्या पावडरीची चिमूट भुरभुरा. मग सुईचे टोक शेंगदाण्याच्या तेलात किंचित बुडवून मध्यभागी टेकवा. पावडर क्षणात चहूबाजूंना सरकेल आणि मध्ये स्वच्छ वर्तुळ उमटेल. मुलांना सांगा, की त्या वर्तुळावर जो थर पसरला आहे तो डोळ्यांना दिसत नाही. पण तसल्याच थरांच्या आत, मुलांनो, तुम्ही आम्ही सारे जिवंत आहोत.